दोन सूत

दिवसा मी जिनिंगमध्ये फिटर.
गाठी मोजणारा वेगळा, माझ्याकडे पट्टे, बेअरिंग,
आणि रोलरचा आवाज बदलला की धावणं.
संध्याकाळी भुवयांवर रुई घेऊन घरी येतो,
पोरगी म्हणते, बाबा आज पुन्हा म्हातारा झाला.

धंदा रात्रीचा.
पंपाची थ्री-फेज येते साडेअकराला.
गाव टॉर्च घेऊन ओलिताला जातं,
मी गोठ्यातला खराद चालू करतो.
लिलावातून आणलेला. त्याच्या चकवर
कुण्या शिकाऊ पोरानं कोरलंय: प्रमिला.
घासून काढता आलं असतं.
लाईनमनला सगळं ठाऊक आहे,
त्याच्या बोलेरोचे मागचे शॅकल माझेच.

कंपनी गाडी बनवते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे रस्ता असतो.
आमच्याकडे काळी माती आहे.
श्रावणात फुगते, वैशाखात फाटते,
वरचं डांबर पोळीसारखं कधी इकडे, कधी तिकडे.
मग कुणी येतो, गाडीखाली बोट दाखवतो:
"भाऊ, हिले थोडी वर उचलून दे ना बाप्पा."
थोडी म्हणजे किती?
"दोन सूत."
सगळ्यांना दोन सूतच हवं असतं.

इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत.
दिवसभर ज्या कापसात नाक बुडालेलं असतं
त्याचंही पुढं कुठंतरी सूतच होतं म्हणे.
ते मी पाहिलेलं नाही.
माझं सूत लोखंडाचं, व्हर्नियरच्या दातांत धरलेलं.

बुश, स्पेसर, शॅकल. प्रत्येकावर ठोकतो 'भो' आणि नंबर.
भो म्हणजे भोजराज. नंबर म्हणजे वहीतलं पान:
गाडी कोणती, वजन काय, वाट कोणती,
मागे माणसं बसतात की बकऱ्या.
सोनेराव मडावीच्या पानावर लिहिलंय,
शाळेची पोरं चौदा, त्यातलं एक ओकतं.
स्कॉर्पिओवाल्या एका पोराला नुसतं उंच दिसायचं होतं.
त्याचं पान कोरं आहे, पैसे मात्र पूर्ण घेतले.

देविदास नक्षिणेचं पान सगळ्यात भरलेलं.
वरोऱ्याहून अंडी आणतो, छत्तीस किलोमीटर.
त्याच्याकडे मीटर नाही, मोजमाप आहे:
शंभरात सात फुटायची.
माझे बुश बसवल्यावर तीन.
पाट्यातलं एक पान काढलं, दोन.
त्या दिवशी तो काही बोलला नाही,
ओट्यावर अर्धा ट्रे ठेवून गेला.

मेमध्ये परत आला. हातात ट्रे.
खळग्यांमध्ये अंड्यांच्या जागी
माझे चार बुश, उभे चिरलेले.
भो ११२, भो ११३, भो ११४, भो ११५.
स्वस्तातला रॉड घेतला होता मी, हिंगणघाटच्या बाजारातून,
किलोमागे चाळीस रुपये वाचवून.
सेहेचाळीस डिग्रीनं त्याचा हिशेब केला.
"कायले रडवता गा," एवढंच म्हणाला.
वहीत मी लिहिलं: चूक माझी. खाली तारीख.
ओळ छोटी होती, लिहायला रात्र गेली.

कंपनीत चूक कुणाची तरी असते.
इथं खरादी मी, तपासणारा मी,
गिऱ्हाईकाला चहा देणाराही मीच.
बोट दाखवायला वळलो तर मागे गोठ्याची भिंत.

नवे बसवले. पैसे नाहीत.
रविवारी त्याच्याबरोबर गेलो, मागच्या बाजूला,
तीस अंड्यांचा ट्रे मांडीवर घेऊन.
नाल्यावरचा खड्डा आला, मी श्वास धरला.
खट्.
थांबव, म्हटलं. खाली शिरलो, चाचपलं, ठोकलं.
पुन्हा निघालो. पुन्हा खट्.
फाट्यावर पोचेस्तोवर कळलं,
दाराची कडी होती.
नक्षिणे असा हसला
की गाडी डांबराच्या खाली उतरली
आणि मांडीवरची तीस अंडी
नुसती सरकली, एकमेकांना विचारून परत जागेवर बसली.

साडेअकरा वाजत आलेत.
दूर कुणाचा तरी पंप आधी खोकतो,
मग बल्ब पिवळ्याचा पांढरा होतो.
वहीचं नवं पान:
भो ११६. टाटा मॅजिक. मंडपवाला, खुर्च्या दोनशे.
दोन सूत, म्हणतोय.
बघू, खरंच किती लागतं.