दोन पानं एकदम

मी प्रॉम्प्टर होतो.
विंगेत डाव्या बाजूला, स्टुलावर,
झिरोचा बल्ब, मांडीवर नाटकाची वही,
आणि पायाशी कुमुद बारलिंगेच्या चपला,
कारण तिसऱ्या अंकात ती अनवाणी यायची.

मे महिना. नागपूर. रात्री दहालाही
भिंतीला हात लावला की चटका.
तिसऱ्या अंकाला आम्ही कूलर बंद करायचो,
नाहीतर मागच्या रांगेला शब्द पोचत नसत.
तेवढ्या घामात लोक बसायचे, बाप्पा,
आजोबांच्या काळापासून माहीत असलेल्या
एका घराची वाटणी बघत.

प्रवेश असा :
मुलगी सात वर्षांनी परत येते. हातात पिशवी.
"बाबा, माझी खोली आहे अजून?"
मग बापाचं वाक्य.
बाप म्हणजे केशव ठवकर, डाकखात्यात सॉर्टर,
दिवसभर दुसऱ्यांचे पत्ते वाचणारा, पाठांतराला कच्चा.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
ती नजर माझ्या ओळखीची,
दर प्रयोगाला तीनदा तरी यायची.

घामानं पानं चिकटली होती.
मी दोन एकदम उलटली होती.
माझ्यासमोर भलताच प्रवेश : वकील, सातबारा, चहा.

दहा सेकंद? वीस?
केशवच्या हातात अडकित्ता, उघडा तो उघडाच.
सभागृहात कुणी खोकलंही नाही.
मग कुमुदनं पिशवी उचलली
आणि आली तशी गेली, माझ्याच बाजूनं,
"झोपला होतास का मेल्या" असं पुटपुटत,
चपला पायात सरकवत.
कुणीतरी घाबरून पडदा पाडला.
टाळ्या थांबेनात.

शब्दांपलीकडचा नकार, असं पेपरात आलं.
केशवनं कात्रण पाकिटात ठेवलं
आणि पुढच्या प्रयोगाआधी मला म्हणाला,
तिथं गपच राह्यजो बे.
दोन-तीन म्हातारे कुरकुरले.
नाटककार कधीच वारलेले. विचारायचं कुणाला?
पुढच्या आवृत्तीत त्या जागी छापूनच आलं :
दीर्घ शांतता.

त्या रात्री तिसऱ्या रांगेत मुंबईचा एक माणूस होता,
संत्र्याच्या सौद्याला आलेल्या मेहुण्यासोबत
टाइमपास म्हणून बसलेला. त्यानं सिनेमा केला.
बर्डीवर लागला तेव्हा मी एकटाच गेलो,
बाल्कनीत, ओठ हलवत,
प्रत्येकाच्या अर्धा शब्द पुढे.
पडद्यावर कुणाचंच अडत नव्हतं.
मग ती जागा आली.
बाप गप्प. कॅमेरा अडकित्त्यावर.
मुलगी गेली.

नंतर मालिका.
तिथे व्हायोलिन, तीन बाजूंनी तीनदा बापाचा चेहरा,
आणि मुलगी उंबऱ्याकडे निघाली सोमवारी
ती ओलांडली गुरुवारी.

आता फोनवर आहे, आठ भागांत.
घर सोसायटीत, सातव्या मजल्यावर. अडकित्ता नाही,
बापाच्या हातात रिमोट.
माझी नात बघते, अजनीच्या आमच्या घरी, कूलरसमोर.
शांतता आली की अंगठ्यानं दहा सेकंद पुढे.
ही मुलगीही जाते. लिफ्टनं.

तीन वेळा, माणसं बदलून, घरं बदलून,
ती पोरगी परत पाठवली गेली,
आणि लिहिणाऱ्यानं तर तिला ठेवून घेतलं होतं.

वही माझ्यापाशी आहे.
काल ती पानं चहाच्या वाफेवर धरून सोडवली.
शाई फुटलीय, पण वाचता येतं :
"आहे ना. गव्हाची कोठी तेवढी सरकवू."

ऋतुजाला म्हटलं, मागे घे जरा.
काहून, आबा?
घे. आणि कूलर बंद कर.
तिनं केला. घाम यायला लागला लगेच.
मुलीनं विचारलं. बाप गप्प.
मी पुढे वाकलो
आणि वाक्य दिलं, आमच्या पद्धतीनं,
आवाज नाही, नुसता श्वास.

बापाला नाही ऐकू आलं.
ऋतुजा म्हणाली,
कोणती कोठी?