तीन नांगर

दिवाळ्याच्या जेटीवर बावीस वर्षं पाग फेकला,
काठाचं शिसं दातांत धरून, कमरेत वळून.
पाण्यावर पडायचा तो पूर्ण गोल.
देवकीची भाकरीसुद्धा तशी पडत नाही
(हे तिच्यासमोर बोलत नाही).

मग एका ओहोटीला
खांद्याच्या आत कुणीतरी
कुलपात चुकीची किल्ली फिरवली.
कट्.
पाग पडला पोत्यासारखा, मुरगळून.

लसणीचं तेल झालं, शेकून झालं,
उलव्याचा हाडवैद्य झाला.
रात्री उजव्या कुशीवर वळलो की
तीच किल्ली.

नेरूळचे डॉक्टर लोटलीकर म्हणाले,
उखळीचा सांधा म्हणतात, पण उखळीएवढा खोल नाही हो हा.
बशी आहे. बशीवर लिंबू.
ते घरंगळू नये म्हणून बशीच्या काठाला
कूर्चेची गोल पट्टी असते.
ती फाटलीय तुमची, वरच्या अंगाला.

औषध टोचून फोटो काढला.
फटीतून ते आत शिरलेलं दिसलं, पांढरं,
खारबांधाच्या भोकातून
भरती शेतात शिरावी तसं.

आधी तीन महिने व्यायाम.
जुईली मॅडमनी खिडकीच्या गजाला रबर बांधलं,
म्हणाल्या, भिंतीवर बोटं चालवा, वर वर.
चिंबोरी, मी म्हटलं.
हो, चिंबोरी.
ती स्विचबोर्डापर्यंत गेली,
पुढे चढेना.

मग दुर्बिणीतून शिवायचं ठरलं. तीन अँकर.
अँकर म्हणजे?
नांगरच की. हाडात रुततो, त्याला दोरा.
माझ्या होडीला एकच आहे,
तोही भावाच्या भागीत.

सहा आठवडे हात गळ्यात.
जाळं शिवलं की मी त्याच भरतीला पाण्यात टाकतो,
हे जाळं म्हणे सहा महिने ओढायचं नाही.
देवकी शर्टाची बटणं लावायची,
वरची दोन मुद्दाम चुकवायची.
त्याच दिवसांत हिरोजीआबा गेले.
पोरं खांदेपालट करत पुढे निघाली,
मी मागून, लाह्या उधळत,
डाव्या हाताने.

पाचव्या महिन्यात, पहाटे,
पोराचा हलका पाग उचलला.
पडला लांबट, बिघडल्या भाकरीसारखा.
पण किल्ली वाजली नाही.
दोन बोईट.

एक लोटलीकरांना नेऊन दे, देवकी म्हणाली.

दिलं तर विचारतील ना,
कुणी पकडलं.