सातवी पायरी

अनगोळच्या आमच्या घरात राऊटर खाली,
टीव्हीच्या मागं,
आणि वरच्या मजल्यावर त्याची एकच दांडी,
तीही मर्जीतली.

स्लॅब मी उभं राहून घालून घेतलेला.
उद्यमबागेत, फौंड्रीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला
लोखंड कमी घालायचं सुचत नाही.
कॉन्ट्रॅक्टर हसला होता,
मामा, वर हत्ती बांधणार काय?

हत्ती नाही आला. भाडेकरू आली.
शिवलीला टीचर, बैलहोंगलची,
आणि रोज संध्याकाळी तिच्या मोबाईलवर
अर्धवट गोठलेली अकरा पोरं.

केबलवाल्या नागराजनं भिंतीवर टकटक केली,
'मेले बरल्ला अंकल, गोडे दप्प ऐति,'
म्हणाला, चहा प्याला, गेला.
दप्प आहेच.
मी कुठं नाही म्हणतोय.

मग सातवी पायरी सापडली.
जिना वळतो तिथं, खिडकीजवळ,
तीन दांड्या, कधी चार.
टीचर तिथंच बसून शिकवू लागली, गुडघ्यावर वही.
ह्रस्व आणि दीर्घ
तिच्याही भाषेत ह्रस्व आणि दीर्घच,
हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी
चप्पल शोधताना कळलं.
कमळ सहाव्या पायरीवर पावट्याच्या शेंगा सोलायची,
मस्कतहून मुलीचा फोन येईल म्हणून.
खाली रेंज भरपूर होती.
मी विचारलं नाही.

दिवाळीला जावयानं दुसरा राऊटर आणला.
चौदा मीटर वायर, दहाचं बिट,
आणि पहिल्याच भोकाला
माझीच सळई आडवी आली.
ड्रिल किंचाळलं. दोन इंच सरकलो.

वायर निळ्या भोकात नाही, पिवळ्यात.
नाव तेच, पासवर्ड तोच.
चॅनेल मात्र वेगळा, खाली एक, वर अकरा,
म्हणजे एकमेकांच्या बोलण्यात बोलायचं नाही.
आणि पत्ते वाटायचं काम खालच्याचंच,
वरच्याचं ते बटण बंद.
एका घरात पत्ते वाटणारे दोघं झाले तर काय होतं,
जावई समजावून सांगत होता.
मी म्हटलं, बाबा,
बेळगावच्या माणसाला हे पुढं सांगू नको.

वर दांड्या फुल्ल.
टीचरचं दार लागलं.
दारामागं पोरं आता न अडकता चुकतात,
मला नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू येतं.

माझा फोन तेवढा हट्टी.
वर चढताना खालच्यालाच धरून बसतो,
एक दांडी उरली तरी सोडत नाही,
सातव्या पायरीवर सुटतो,
क्षणभर कुणाचाच नसतो,
मग वरचा पकडतो.
तेवढा वेळ मीही थांबतो. गुडघेही म्हणतातच.

कमळ अजून सहावीवरच बसते.
इथं वारं येतं, म्हणते.
परवा, शनिवारी, शिकवणी नव्हती,
टीचर खाली आली ती वळणावर टेकली.
मी जरा घाबरूनच विचारलं,
वर येत नाही काय?
'फुल ऐति, मामा,' म्हणाली,
आणि सुपातल्या मूठभर शेंगा
स्वतःच्या ओच्यात घेतल्या.