बाहेर जाण्याची वही

वहीला चार रकाने आहेत:
नाव, कुठे, कारण, परत कधी.
माझं काम एवढंच, की चारही भरले जावेत
आणि रात्री नऊला फाटकाची कडी पडावी.

पोरी कारणात लिहितात काम. काम. पर्सनल काम.
मी चष्म्यावरून बघते, बोलत नाही.

तुसेकिले म्वाकालिंगा हे नाव
पहिल्या रकान्यात मावत नाही.
ते 'कुठे'मध्ये घुसतं, 'कुठे' कारणावर जाऊन बसतं.
टांझानियाची. संख्याशास्त्र शिकायला आलीय
आणि शनिवार उजाडला की पायात बूट.
पहिल्या खेपेला विचारलं, मावशी, कारण काय लिहू?
म्हटलं, बघायला चाललीस ना, मग लिही: बघणे.
बसच्या तिकिटामागे काढून दिलं.
चित्र उतरवावं तसं तिनं उतरवलं,
पण 'घ'च्या डोक्यावरची रेघ जोडायची राहिली.
बधणे.
मी खोडलं नाही.
वही वाचतं तरी कोण.

पाताळेश्वर: बधणे.
सिंहगड: बधणे. माझ्यासाठी गाडग्यातलं दही आणलं,
निम्मं बसमध्ये सांडलेलं, तिच्याच ओढणीवर.
जेजुरी: बधणे. सोमवारपर्यंत कानामागे पिवळी.
भिगवणला रोहित पक्षी बघून आली,
म्हणाली, हे आमच्याकडेही असतात,
मी स्वाहिलीत हाक मारली,
एकानंही मान वळवली नाही.

मला पुण्यात एकवीस वर्षं झाली.
पाताळेश्वरावरून रोज माझी बस जाते.
मी समजत होते, तिथं नुसती बाग आहे.
ती म्हणाली, रस्त्यापासून दहा पावलं खाली उतरायचं,
मग हॉर्न वाजतात, पण दुसऱ्या कुणासाठी.

रस्त्याला त्यांच्यात बराबारा म्हणतात.
बरोबर, मी म्हटलं,
आणि दोघी हसत सुटलो,
नेमकं कशाला ते कुणालाच माहीत नसताना.

फेब्रुवारीत एकदा लिहिलं: तोरणा, वेल्हे.

वेल्हे माझं माहेर.
गड म्हणजे घरामागची भिंत.
लाकडं आणायला चढायचो. बघायला कोण चढतं?
सांगितलं नाही काही. वेळ टाकली, पावणेसहा.

रात्री साडेआठला आली, गुडघा फुटलेला.
मोबाइल माझ्यापुढे धरला.
वरच्या दरवाजापाशी ताकाची हंडी,
हंडीमागे पदर खोचलेली बाई, केस पांढरे.
मोठं कर, म्हटलं. अजून मोठं.
पळी धरलेल्या हाताची करंगळी वाकडी.
भाताच्या लावणीत मोडली होती ती,
मीच चिंधी बांधलेली.
वहिनी.

सातबारावरून तुटलं त्याला अकरा वर्षं.
सही दे म्हणाले. तीनदा माणूस पाठवला.
मी बधले नाही.
अकरा भाऊबिजा गेल्या, पुतणीचं लग्न गेलं,
केस कधी पांढरे झाले ते मात्र
टांझानियाच्या पोरीच्या मोबाइलात कळावं?

ती सांगत होती: मी घसरले, तिनं पाणी ओतलं,
मी सांगितलं, आमची मालनमावशी पण वेल्ह्याची.
मग?
मग काही नाही. दुसऱ्या ग्लासाचे पैसे घेतले नाहीत.
आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून
काहीतरी विचारलं. मी म्हटलं, ठीक आहे, ठीक आहे.
माझ्याच गुडघ्याचं विचारत असणार ना, मावशी?

मी उठून कडी घातली. नऊ वाजायचे होते अजून.
उठताना गुडघा वाजला.
पोले, ती म्हणाली.
दुसऱ्याला लागलं की म्हणतात त्यांच्यात,
आपली चूक असो नसो.

पुढच्या रविवारी माझी सुट्टी.
मावशीनं वहीत लिहायचं नसतं,
पण माझ्या खुर्चीत ती बसलेली, माझाच चष्मा लावून,
पाय लांब करून फाटक अडवलेलं.
नाव? लिहिलं.
कुठे? लिहिलं.
कारण?
स्वारगेटची एसटी चुकेल गं.
घाईनं लिहिलं,
'घ'ची रेघ जोडली की नाही, पाहिलं नाही.
गडावर चढायचं कसं ते एसटीत बसल्यावर ठरवू.

परत कधी, परत कधी,
ती रिक्षामागे ओरडत होती, वही हातात धरून.