दिसेनाशी होईपर्यंत

शनिवारी, ऊन डोळे उघडायच्या आत,
आम्ही पाचजण अल ऐनच्या बाहेर
तळ्याकाठी जमतो.
शम्साबाईंच्या गाडीत बाटल्या, दोरी, थर्मामीटर, खजूर,
आणि ताटाएवढी एक तबकडी,
दोन फाका काळ्या, दोन पांढऱ्या.

तबकडी सावलीच्या अंगाने सोडायची.
गेली, गेली, आणि नाहीशी झाली
की दोरीवरची गाठ वाचायची.
मग हळूहळू वर ओढायची.
दिसली, की पुन्हा वाचायची.
दोन्हींच्या मधोमध जो आकडा पडतो
तो त्या दिवसाचा.
टँकरवाला गुलनबी म्हणतो,
नुसतं बुडालेलं मोजून भागत नाही.
एवढंच म्हणतो, आणि दोरी गुंडाळतो.

हे तळं पावसाचं नाही.
पाऊस इथे घाईतल्या पाहुण्यासारखा,
चपला न काढता उंबऱ्यावरूनच परत जातो.
हे शहराचं सांडपाणी,
गाळलेलं, शुद्ध केलेलं, झाडांना पाजून उरलेलं,
वाळूखालून वाट काढत इथे वर आलेलं.
म्हणजे माझ्या तांदळाचं धुवण यात आहे.
लेबर कॅम्पमधल्या चारशे बनियनांचा साबण आहे.
शम्साबाईंच्या अंगणातला कारंजासुद्धा असेल,
कोण कुणाला ओळखणार?
शेकाट्यांना काही फरक पडत नाही,
लांब तांबड्या पायांनी
सगळ्यांच्या पाण्यात सारख्याच उभ्या.

तक्त्यात एक रकाना वासाचा.
काही नाही. मातकट. कुजक्या अंड्यासारखा. इतर.
पहिल्या दिवशी मी ‘इतर’वर खूण केली
आणि पुढे लिहिलं, शिंगाड्याच्या वेलीसारखा.
शम्साबाईंनी विचारलं, हे काय असतं?
माझा बाप ढिवर. साकोलीकडच्या तलावात
मडक्याच्या आधाराने तरंगत शिंगाडे तोडायचा.
हे सगळं मला अरबीत येत नव्हतं.
मी हाताने दोन शिंगं काढून दाखवली.
त्यांनी मान डोलावली, बहुधा बैल समजल्या.

मग ऑक्टोबरातली ती पहाट.
मासे काठाशी येऊन
वरच्या वर तोंडं उघडत होते,
जसं काही सगळ्यांना एकच शब्द आठवत नव्हता.
मारिविकने थेंब मोजले. रंग उडाला.
एक पूर्णांक नऊ.
पुन्हा मोजले. एक पूर्णांक नऊ.
तिसऱ्यांदा एक पूर्णांक आठ.
कॉलेजातला सैफ म्हणाला, थांबू या ना,
ऊन वर आलं की प्राणवायू वाढतो,
दुपारी घेऊ, सोमवारी पाहुणे यायचेत.
खोटं नव्हतं ते. आकडा चढलाच असता.
शम्साबाई बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या.
मग म्हणाल्या, मासे दुपारपर्यंत थांबणार आहेत का?

माझा बाप कोपर बुडवायचा,
ओठ ओले करायचा,
आणि काठावर बसून सांगायचा,
पाणी दमलं गा.
मी लिहिलं, एक पूर्णांक नऊ. वेळ, पाच वाजून चाळीस.

पाच आठवड्यांनी पाण्यात एक पंखा आला,
रात्रभर फेस घुसळणारा.
आमच्या आकड्याने आला, की येणारच होता,
हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.
मारिविकचा करार संपला, ती गेली.
वहीत तिचे सात उरलेत,
कमरेत आडवी रेघ ओढलेले.
नव्या मुलाला वाटतं, ते खोडलेत.
मी सांगतो, नाही, ते धर.

भावाचा फोन आला.
आपल्या तलावात बेशरम माजलंय, म्हणाला,
शिंगाडा कुणी लावत नाही.
तुला त्या पाण्याचे किती देतात?
खजूर, म्हटलं.
तो हसला. मग दोन दिवसांनी फोटो आला.
आईचं जुनं ताट, डांबराने दोन फाका रंगवलेलं,
मधून सुतळी, खाली दगड.
किती दिसलं? विचारलं.
वीतभर. कमीच.
लिहून ठेव.
कुठं लिहू?
दाराच्या मागं लिही,
दुधाच्या हिशेबाखाली.
आणि वेळही टाक.