कालचं तेल

बाबांच्या अँबॅसिडरला दोन टाक्या होत्या.
एक कंपनीची.
दुसरी डिकीत, इनास मेस्तने बसवलेली,
मुळात रंगाचा डबा; झाकणावर अजून
कुणाच्या तरी भिंतीचा पोपटी.

पहिलीत डिझेल, गाडी सुरू आणि बंद करण्यापुरतं.
दुसरीत हरमलच्या शॅकमधलं
तळून तळून काळं झालेलं तेल.
कायतान कॅन भरून द्यायचा, वर म्हणायचा,
"व्हर रे शाणू, ना जाल्यार व्हाळांत ओततलों."

रात्री पडवीत आम्ही ते गाळायचो,
आईच्या जुन्या कापडाच्या तीन घड्यांतून.
मी टॉर्च धरायची, आई नाक.
घडीत उरायचा रवा, कोळंबीची मिशी,
एकदा कढीपत्त्याचं पान, काळंकुळकुळीत, तरी शाबूत.
बाबांनी ते बोटावर घेतलं:
"हे पंपात गेलं असतं तर चाळीस हजार."
अजून पोह्यातलं पान बाजूला काढताना
मला तो आकडा दिसतो.

गाडी चालायची मात्र.
कोरगावच्या चढाआधी बाबा खटका फिरवायचे
आणि इंजिनाचा आवाज जरा जड व्हायचा,
जेवून उठलेल्या माणसासारखा.
पेडण्याच्या स्टँडवर सगळ्यांची नाकं वर:
"कितें रे शाणू, आज सुंगटां?"
एका सोमवारी भटजी मागे बसले होते.
आगरवाड्याच्या वळणापर्यंत गप्प, मग म्हणाले,
शाणू, तुझी गाडी मासळी खाते काय?
खाते, भटजी. पण ही रविवारची.

म्हापशाला धूर तपासायला नेली तेव्हा
पोराने विचारलं, इंधन?
तेल.
कसलं?
कालचं.
फॉर्मात तशी चौकट नव्हती. त्याने डिझेल लिहिलं,
आणि मशीनची नळी बराच वेळ हुंगत राहिला.

मग साबणवाले आले, लीटरमागे पैसे मोजू लागले.
कायतान दोन दिवस लाजला, तिसऱ्या दिवशी विकू लागला.
बाबांनी मान वर करून आमचे माड मोजले.

डिसेंबर. पहाटे साडेतीन, दाबोळीचं भाडं,
मागे एक गोरं जोडपं, मांडीवर बॅगा.
चढाआधी सवयीने खटका फिरला.
गाडी दोनदा खोकली आणि थांबली.
डिकीत टॉर्च मारला तर खोबरेल गोठलेलं,
पांढरंशुभ्र, डोक्याच्या तेलाच्या बाटलीत गोठतं तसंच,
फक्त वीस लीटर.
पाहुणे मासळीच्या टेंपोतून पुढे गेले.
बाबा नळीला दोन्ही तळवे लावून बसून राहिले.
साडेसातला ऊन आलं, तेल सुटलं, गाडी सुरू झाली.
त्यांनी हे सांगितलं तेव्हा
गाडी सुरू झाली एवढंच मोठ्याने सांगितलं.

पुढे इनासने नोझल उघडून दाखवले,
आत काजूच्या डिंकासारखं काहीतरी.
तो काही बोलला नाही. साफ करायचे पैसेही घेतले नाहीत.
त्यानंतर बाबा पंपाच्या रांगेत.

आता टॅक्सी मी चालवते, विजेची.
जिथे तेल गाळायचो त्याच पडवीतून
रात्रभर वायर बाहेर.
धूर नाही, वास नाही, स्टँडवर कुणी काही विचारत नाही.
ही वीज येते कुठून, मी एकदा म्हटलं.
बाबा म्हणाले, लांबून. कुणाच्या तरी धुरातून.

परवा ते शेजारी बसले होते.
कोरगावच्या चढाला त्यांचा हात डॅशबोर्डखाली गेला,
काही नव्हतं तिथे, तसाच परत आला.
वर पोचेतो एक्केचाळीसचे एकोणचाळीस.
पलीकडे हरमलच्या उतारावर आकडा चाळीस झाला.
बाबा वाकले, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला.
"परत आला?"
हो.
"हं," म्हणाले, आणि काच खाली केली,
कायतानच्या जागी आता कोण तळतंय
ते बघायला.