चौथी खोली

खेळ आमच्याकडे हवेतून यायचा.
शनिवारी रात्री साडेदहानंतर
रेडिओतला माणूस खाकरायचा, म्हणायचा, ‘टेप लावा,’
आणि मग सात मिनिटं नुसती किंकाळी,
पत्र्यावरून खिळा ओढावा तशी.
मारिबोरमधल्या त्या पाचव्या मजल्यावर
झ्वोन्को रेडिओसमोर माइक धरून उभा,
मी दाराला पाठ लावून.
कोणी शिंकलं तर किंकाळी फाटणार,
किंकाळी फाटली की खेळ फाटला.

कॉम्प्युटर बाबांनी ग्राझहून आणलेला,
कपड्यांच्या साबणाच्या खोक्यात, पावडरीखाली दडवून.
सीमेवरच्या शिपायाने खोकं हलवून पाहिलं.
आई म्हणाली, ‘मुलं फार मळतात हो.’
त्याच्या रबरी बटणांना वर्षभर
धुतल्या चादरींचा वास होता.
अजूनही नवा कंट्रोलर घेताना
मी तो आधी नाकाशी नेते.
दुकानातली पोरं बघतात. बघू देत.

खेळात एक पहारेकरी होता, आठ ठिपक्यांचा,
हातात कंदील, म्हणजे एक पिवळा ठिपका.
पहिली खोली यायची. दुसरी यायची.
तिसरीत पाणी असायचं, ते ओलांडायला मला अख्खा मार्च लागला.
चौथीच्या दाराशी पडद्यावर रेघा, आणि सगळं गार.
कारण त्या रात्री, अगदी त्या सेकंदाला,
शेजारच्या ह्रिबारबाईंनी बेल वाजवली होती.
टोपलीभर अळंबी आणली होती पोहोर्येच्या जंगलातून,
आमच्याचसाठी. काय बोलणार?
अळंबी चांगली होती.

झ्वोन्को शपथेवर सांगायचा, आत ड्रॅगन आहे.
मला वाटायचं, आत समुद्र असेल.

आता मी बसडेपोत रात्रपाळी करते,
आणि पहाटे घरी येऊन खेळते.
धावपळीचे खेळ मला रुचत नाहीत.
गळ टाकून बसायचं, वारा पडला तर जहाजावर थांबायचं,
असलं काही असेल तर पैसे मोजते.
आणि शेवटचं दार आलं की बंद करते.
माझ्याकडे किती वीर असे उभे आहेत,
उंबऱ्यावर, तलवार उपसून, वर्षानुवर्षं.
टिलेन वैतागतो. ‘आई, शेवट तरी बघ!’

टिलेनला फक्त रंग जुळवायचे खेळ आवडतात.
तीन निळे, फट्, गेले. तीन लाल, गेले.
इंजिनियर झाला, लग्न ठरलं,
तरी डोकं तापलं की खिशातून तेच.
त्याला वाटतं, ही आपली आवड.
तो पाच वर्षांचा असताना, इस्पितळाच्या लांब बोळात,
आत लुद्विकचं ऑपरेशन चाललेलं,
मी त्याच्या हातात माझा फोन दिला होता
आणि म्हटलं होतं, ‘हे सगळे संपव, मग बाबा येतील.’
त्याने संपवले. पुन्हा आले. पुन्हा संपवले.
हे त्याला आठवत नाही.
मी सांगितलेलं नाही.

परवा त्यानेच कुठून तरी तो खेळ शोधून आणला.
अख्खा. न फाटलेला.
‘बस इथे,’ म्हणाला, आणि खुर्ची ओढली.
पाण्यावरून बोटं आपोआप गेली, मार्च लागला नाही.
दार. मी श्वास धरला.
रेघा आल्या नाहीत.

आत एक टेबल होतं. त्यावर एक पांढरा चौकोन.
भाकर असेल, किंवा पत्र.
‘एवढंच?’ टिलेन म्हणाला.
मी म्हटलं, ‘श्श.’
पहारेकरी कंदील घेऊन उभा राहिला,
मी बराच वेळ त्याला हलवलं नाही.

रात्री लिंट्झला झ्वोन्कोला फोन केला.
त्याचा आवाज एकदम बारा वर्षांचा झाला,
‘मग? काय होतं गं आत?’
बोलायला तोंड उघडलं,
आणि म्हटलं, ‘बेल वाजली रे. ऐन दाराशी.’

तो इतका हसला, की ठसका लागला.
‘ह्रिबारबाई!’ म्हणाला.
त्यांना जाऊन वीस वर्षं झाली.